ऑनलाइन दुकानाला जीएसटी कसा लावायचा: निपाणीच्या पार्सलपासून तिमाही रिटर्नपर्यंत

कोल्हापुरातून गडचिरोलीला पाठवलेलं पार्सल अख्खं राज्य आडवं कापून जातं, तरी जीएसटीच्या हिशेबात ते घरच्या घरीच फिरलं. तेच पार्सल निपाणीला पाठवा. कागल मागे टाकून कोगनोळीचा नाका ओलांडला की ते परराज्यात गेलं. ग्राहक मराठी, अंतर चाळीसेक किलोमीटर, पण बिलावर कर वेगळा. आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल, तर या एका पार्सलापायी ती करावी लागते.

गल्लीतल्या दुकानात गिऱ्हाईक कुठून आलं हे विचारावं लागत नाही. ऑनलाइन दुकानात तो पहिला प्रश्न असतो. त्यामागोमाग आणखी दोन येतात: माल कोणता, आणि तो शेवटी किती रुपयांना विकला गेला. कर या तीन गोष्टींवर ठरतो. वेबसाइटचं सॉफ्टवेअर तुम्ही भरलेलं तेवढं पाळतं, स्वतःहून काही ताडत नाही. म्हणून पहिली ऑर्डर यायच्या आधी हे काम बसून एकदा नीट करायचं.

हा लेख महाराष्ट्रातून स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःचा माल विकणाऱ्यांसाठी आहे. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर विकणाऱ्यांसाठी पुढे एक वेगळा भाग आहे. सेटिंग वूकॉमर्सचं (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवणारं सॉफ्टवेअर) सांगितलंय, कारण लहान दुकानं बरीचशी त्यावरच असतात. दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले धरलेत.

नोंदणी लागते का?

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख आहे. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की ही मर्यादा गळून पडते. मग उलाढाल ४० हजारांची असली तरी नोंदणी हवी. हाताने घडवलेल्या काही ठरावीक वस्तू कारागीर स्वतः विकत असेल, तर त्याला अटींसह सवलत आहे. पण त्या यादीत आपला माल बसतो की नाही हे कर सल्लागाराकडून पक्कं करून घ्या, अंदाजाने चालू नका.

थोडक्यात, वेबसाइटवर ‘फक्त महाराष्ट्रात डिलिव्हरी’ असं बंधन घातलं तर मर्यादा ओलांडेपर्यंत नोंदणीशिवाय विकता येतं. वूकॉमर्समध्ये शिपिंग झोन फक्त महाराष्ट्राचा ठेवला की हे साधतं. सुरुवातीला माल खपतो का एवढंच बघायचं असेल, तर हा मार्ग वाईट नाही. एक मात्र लक्षात ठेवा: नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं बेकायदा आहे. ‘घेऊन ठेवू, नंतर भरू’ असला प्रकार करायचा नाही.

कंपोझिशन योजनेचं नावही कानावर येईल. उलाढालीवर १ टक्का भरा आणि मोकळे व्हा, असं ऐकायला बरं वाटतं. पण त्यात परराज्यात विकता येत नाही, ग्राहकाकडून कर घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. देशभर विकायला निघालेल्या दुकानाच्या ती कामाची नाही.

नोंदणी करताना

अर्ज जीएसटी पोर्टलवर होतो आणि सरकारी शुल्क शून्य आहे. पॅन, आधार, फोटो, मोबाइल, ईमेल आणि धंद्याच्या जागेचा पुरावा एवढं लागतं. घरातूनच धंदा असेल तर घराचा पत्ता चालतो. वीजबिल वडिलांच्या किंवा सासूबाईंच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडायचं. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा इथेच, कारण वीजबिलावरचा पत्ता एक, अर्जातला दुसरा. दोन्हीकडे घर नंबर, गल्ली, पिनकोड अक्षरशः सारखे ठेवा. आधार पडताळणीचा पर्याय निवडा, नाहीतर अधिकारी जागा बघायला येण्याची शक्यता वाढते आणि वेळ जातो. बँक खात्याची माहिती नोंदणीनंतर ३० दिवसांत किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरण्याआधी, जे आधी येईल तेव्हा, द्यावी लागते.

हातात येतो तो १५ अंकाक्षरांचा क्रमांक. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४. पुढची दहा अंकाक्षरं म्हणजे तुमचा पॅन. राज्याचे कोड पाठ झाले तर उत्तम, रिटर्न भरताना रोज कामाला येतात.

महाराष्ट्रात नोंदणी झाली की व्यवसाय कराची नोंदणीही लागते, वर्षाला २,५०० रुपये. जीएसटीच्या गडबडीत ती हमखास राहून जाते आणि पुढे व्याजासकट पुढ्यात येते.

मालाची यादी आणि दर

आता एक एक्सेल शीट उघडा. प्रत्येक वस्तूसमोर चार रकाने: वस्तू, एचएसएन क्रमांक (मालाच्या वर्गीकरणाचा ठरलेला क्रमांक), दर, विक्री किंमत. हे काम कंटाळवाणं आहे, पण चुका इथेच होतात, त्यामुळे घाई नको.

सप्टेंबर २०२५ नंतर १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले. लहान दुकानांचा बहुतेक माल ५ किंवा १८ टक्क्यांत बसतो. पापड शून्यावर. मसाले, लोणचं, पाकीटबंद चिवडा-चकली ५ टक्क्यांवर. नकली दागिने ३ टक्के. छापील पुस्तकांवर कर नाही. इथवर सरळ आहे.

गुंता कपड्यांचा आणि चपलांचा. तयार कपडा नगाला २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेला तर १८. चप्पल-बुटांनाही जोडामागे हीच मर्यादा, मग ती कोल्हापुरी असो की स्पोर्ट्स शूज. साडीचं मात्र वेगळं आहे. साडी शिवलेला कपडा नाही, ती कापडात धरतात, म्हणून ९,४५० रुपयांची रेशमी पैठणीही ५ टक्क्यांतच: ९,००० माल आणि ४५० कर. त्याच दुकानातला ३,००० रुपयांचा कुर्ता मात्र १८ टक्क्यांत जातो. दोघांना ‘कपडे’ या एकाच गटात टाकून मोकळं झालेलं दुकान कुठेतरी चुकीचा कर घेतच असतं.

ही २,५०० ची मर्यादा कर सोडून असलेल्या किमतीवर आहे आणि सूट वजा केल्यानंतरच्या किमतीवर आहे. यातून एक गंमत होते, ती नीट समजून घ्या. ५ टक्के धरून ग्राहकाला दिसणारी किंमत जास्तीत जास्त २,६२५ होऊ शकते. १८ टक्क्यांची किंमत सुरू होते २,९५० च्या पुढे. मधल्या पट्ट्यात, समजा २,७००, काय होतं? ५ टक्के धरून १.०५ ने भागून बघा: मूळ किंमत २,५७१ येते, म्हणजे मर्यादा ओलांडली, ५ टक्के लागू नाहीत. १८ टक्के धरून १.१८ ने भागा: २,२८८ येते, म्हणजे मर्यादेच्या आत, १८ लागू नाहीत. दोन्हीकडून दार बंद. ‘सर्व करांसह’ लिहिलेली किंमत या पट्ट्यात ठेवायचीच नाही.

आता दिवाळीच्या सेलचं गणित. २,९९९ चा कुर्ता, करासह. १८ टक्के काढून हातात राहतात २,५४१ रुपये ५३ पैसे. १० टक्के सूट दिली तर किंमत होते २,६९९, नेमकी त्या निषिद्ध पट्ट्यात. तिथे सॉफ्टवेअरने १८ टक्केच कापले तर तुमच्या हातात २,२८७ उरतात. त्याऐवजी १५ टक्के सूट द्या. किंमत २,५४९ रुपये १५ पैसे, दर उतरून ५ टक्के आणि हातात २,४२७ रुपये ७६ पैसे. ग्राहकाचे साडेचारशे वाचले आणि तुमचे सव्वाशेही गेले नाहीत. सेल ठरवायच्या आधी हे गणित करायचं.

कुठल्या राज्याचा कर?

नियम सोपा आहे. माल महाराष्ट्रातून निघून महाराष्ट्रातच पोचला तर दर निम्मा-निम्मा होऊन केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी लागतो. दुसऱ्या राज्यात पोचला तर पूर्ण दराचा आयजीएसटी. ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम तेवढीच, पण सरकारी खात्याचा खण वेगळा. चुकीच्या खणात भरलं तर योग्य खणात पुन्हा भरावं लागतं आणि आधीच्याचा परतावा मागत बसावं लागतं.

भेटवस्तूंच्या ऑर्डरी इथे घोळ घालतात. पुण्यातली ताई हुबळीच्या मावशीला साडी पाठवते. पैसे पुण्यातून, बिलाचा पत्ता पुण्याचा, माल हुबळीला. घेणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक नसेल तर डिलिव्हरीचा पत्ता धरायचा, असं जून २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलंय. म्हणजे कर्नाटक, म्हणजे आयजीएसटी. बिलावरही डिलिव्हरीचाच पत्ता टाकायचा.

घेणारा नोंदणीकृत व्यापारी असेल तर उलटं. ठाण्यातल्या कंपनीने २७ ने सुरू होणारा क्रमांक देऊन बिल मागितलं आणि माल बंगळुरूतल्या एका ग्राहकाकडे परस्पर पाठवायला सांगितलं, तर बिल ज्याच्या नावे त्याचं राज्य धरतात. इथे सीजीएसटी आणि एसजीएसटी. अशा ऑर्डरी वेबसाइटवर आपोआप नीट होत नाहीत. महिन्याला दोन-चारच येत असतील तर हाताने बिल करा.

वूकॉमर्सचं सेटिंग

सेटिंग्जमधल्या ‘जनरल’मध्ये दुकानाचा पत्ता भरा, राज्य महाराष्ट्र निवडा आणि ‘एनेबल टॅक्स रेट्स अँड कॅल्क्युलेशन्स’वर खूण करा. मग वर ‘टॅक्स’चा टॅब उगवतो. त्यात:

‘प्राइसेस एंटर्ड विथ टॅक्स’ला ‘येस’. म्हणजे तुम्ही टाकाल ती किंमत करासह. पाकीटबंद मालावर एमआरपी सर्व करांसह छापावी लागते आणि तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही. ‘८४० अधिक जीएसटी’ असलं ग्राहकाला दाखवणं घाऊक व्यापाऱ्यांकडे ठीक, किरकोळ विक्रीत नाही.

‘कॅल्क्युलेट टॅक्स बेस्ड ऑन’मध्ये ‘कस्टमर शिपिंग ॲड्रेस’. हुबळीच्या मावशीचा प्रश्न इथे सुटतो.

दुकानात आणि कार्टमध्ये किंमत करासह दाखवा, आणि कराची बेरीज ‘आयटमाइज्ड’ ठेवा म्हणजे सीजीएसटी-एसजीएसटी वेगवेगळे दिसतील.

आता दर. ‘स्टँडर्ड रेट्स’ला ५ टक्के द्या, कारण बहुतेक माल त्यात आहे. ‘ॲडिशनल टॅक्स क्लासेस’मध्ये १८ टक्क्यांचा एक वर्ग नवीन जोडा. पापडासाठी ‘झीरो रेट’ आधीच असतो, त्यात ओळी भरायच्या नाहीत.

५ टक्क्यांच्या तक्त्यात तीन ओळी:

पहिली: देश आयएन, राज्य एमएच, दर २.५, नाव सीजीएसटी, प्रायॉरिटी १.
दुसरी: देश आयएन, राज्य एमएच, दर २.५, नाव एसजीएसटी, प्रायॉरिटी २.
तिसरी: देश आयएन, राज्य रिकामं, दर ५, नाव आयजीएसटी, प्रायॉरिटी १.

सगळी मेख प्रायॉरिटीत आहे. वूकॉमर्स एका प्रायॉरिटीची एकच ओळ लावतं. पत्ता महाराष्ट्राचा असेल तर १ क्रमांकावर सीजीएसटी जुळतो, म्हणून आयजीएसटी बाद होतो. २ क्रमांकावर एसजीएसटी जुळतो. पत्ता इंदूरचा असेल तर महाराष्ट्राच्या दोन्ही ओळी जुळत नाहीत आणि आयजीएसटी लागतो. तिसऱ्या ओळीला चुकून ३ प्रायॉरिटी दिली, तर नाशिकच्या ग्राहकाला ५ च्या जागी १० टक्के कर दिसेल. एमएचच्या ओळी वर आणि रिकाम्या राज्याची खाली, हा क्रमही राखा. ‘कंपाउंड’ची खूण कुठेच नको. १८ च्या वर्गात याच तीन ओळी, ९, ९ आणि १८ च्या दराने.

गोव्यातून विकत असाल तर एमएचच्या जागी जीए, बाकी सगळं तसंच.

मग प्रत्येक वस्तूच्या पानावर जाऊन तिचा टॅक्स क्लास निवडा. वूकॉमर्स किमतीवरून वर्ग स्वतः बदलत नाही. म्हणजे २,९९९ चा कुर्ता कूपनने २,५४९ ला गेला तरी तो १८ च्याच वर्गात राहतो, आणि ग्राहकाकडून जादा घेतलेला कर सरकारला भरावाच लागतो, खिशात ठेवता येत नाही. म्हणून अशा वस्तूंना कूपनातून वगळा. सूट द्यायची तर वस्तूची किंमत आणि टॅक्स क्लास दोन्ही एकदमच बदला, सेल संपला की दोन्ही परत.

शिपिंगचे पैसे

ग्राहकाकडून वेगळे ६० रुपये कुरिअरचे घेतले तर त्यावर मालाचाच दर लागतो, कुरिअर कंपनीने तुम्हाला १८ टक्के लावलेले असले तरी. मसाल्याबरोबर गेले तर ५, पापडाबरोबर गेले तर शून्य. कार्टमध्ये ५ आणि १८ दोन्हीचा माल असेल तर शिपिंग मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटायला हवं. वूकॉमर्सचं ‘बेस्ड ऑन कार्ट आयटम्स’ हे वाटत नाही, त्यातला एकच वर्ग उचलतं. माझं मत विचाराल तर शिपिंग किमतीतच धरा आणि ‘फ्री शिपिंग’ लिहा. हिशेब सुटसुटीत होतो आणि ग्राहकही खूश. कॅश ऑन डिलिव्हरीच्या जादा पैशांनाही मालाचाच दर.

कुरिअर, पेमेंट गेटवे, होस्टिंग या सगळ्यांना आपला जीएसटी क्रमांक आधीच देऊन ठेवा. त्यांनी लावलेला १८ टक्के कर तुमच्या भरण्यातून वजा होतो. क्रमांक दिलाच नाही तर ती वजावट बुडाली.

चाचणी

दुकान उघडण्याआधी खोट्या ऑर्डरी टाकून बघा. निदान एवढ्या:

सातारा पत्ता, ८४० चा मसाला. कर ४० दिसायला हवा, २० आणि २०.
निपाणी पत्ता, तोच मसाला. ४० आयजीएसटी.
बिलाचा पत्ता पुणे, डिलिव्हरी हुबळी. आयजीएसटी.
पापड आणि १८ टक्क्यांचा कुर्ता एकत्र. पापडावर शून्य.

एकूण रक्कम चारही ठिकाणी छापील किमतीइतकीच हवी. कुठे वाढली तर किमती करासह धरलेल्या नाहीत, परत वर जा.

बिल

बिलासाठी प्लगइन लागेल. निवडताना एक गोष्ट बघा: बिल क्रमांक ऑर्डर क्रमांकापासून वेगळा ठेवता येतो का. ऑर्डरी रद्द होतात, पैसे अडकतात, त्यामुळे ऑर्डर क्रमांकात भोकं पडतात. बिलांची मालिका सलग हवी, क्रमांक १६ अंकाक्षरांच्या आत, आणि दर १ एप्रिलला नवी. समोरच्या दुकानात हाताने बिलं फाडत असाल तर वेबसाइटची मालिका वेगळी ठेवायला हरकत नाही. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक, ग्राहकाचं राज्य, करांची विभागणी आणि एचएसएन यायला हवं. पाच कोटींच्या आतल्या दुकानाला ग्राहकाच्या बिलावर एचएसएनची सक्ती नाही, पण छापा. रिटर्नला लागतंच.

परत आलेलं पार्सल

कॅश ऑन डिलिव्हरीत ‘घरी कोणी नव्हतं’ म्हणून माल परत येतोच. पार्सल निघताना बिल झालेलं असतं, ते खोडायचं नाही. माल हातात आला की क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम वजा करणारा कागद, काढायची. तिचा हिशेब ज्या राज्याची विक्री होती त्याच राज्यातून वजा होतो. निपाणीहून परत आलेली चप्पल कर्नाटकच्या आयजीएसटीतून. सगळ्या परतीच्या रकमा महाराष्ट्राच्या विक्रीतून वळत्या केल्या तर बेरीज जुळते, पण कर चुकतो. या गोंधळात कधी पडायचं नसेल तर महिनाअखेरीला वेबसाइटचा राज्यवार अहवाल काढून कुरिअरच्या परतीच्या यादीशी ताडून बघा.

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो

इथे बिल तुमच्याच नावाने निघतं आणि कर तुम्हीच भरता. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यांनाही पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घेऊन स्वतःच्या राज्यापुरतं इथे विकता येतं.

नोंदणी असेल तर मार्केटप्लेस तुमच्या निव्वळ विक्रीवर ०.५ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केलेला कर) कापून सरकारला भरतं. जुलै २०२४ आधी तो १ टक्का होता. ६०,००० च्या विक्रीवर ३०० रुपये. हे पैसे तुमचेच आहेत, पण पोर्टलवर ‘टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट’च्या पानावर जाऊन स्वीकारल्याशिवाय ते पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात येत नाहीत. वर्षानुवर्षं ते पान न उघडलेले विक्रेते आहेत. प्राप्तिकराचा ०.१ टक्का वेगळा कापला जातो, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात मागायचा.

त्यांच्या गोदामात माल ठेवणार असाल तर जपून. कोल्हापूरच्या विक्रेत्याने माल भिवंडीच्या गोदामात ठेवला तर ती फक्त जादा जागा म्हणून नोंदवायची. तेलंगणातल्या गोदामात ठेवला तर तिथे स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र रिटर्न. ‘होय’ दाबण्याआधी गोदाम कुठल्या राज्यात आहे ते विचारा.

रिटर्न

पाच कोटींपर्यंतच्या दुकानाने तिमाही पद्धत निवडावी. एप्रिल ते जूनचं जीएसटीआर-१ १३ जुलैपर्यंत, जीएसटीआर-३बी (एकूण कराच्या हिशेबाचं रिटर्न) महाराष्ट्र आणि गोव्यासाठी २२ जुलैपर्यंत. कर मात्र दरमहा भरायचा: एप्रिलचा २५ मेपर्यंत, मेचा २५ जूनपर्यंत चलनाने, आणि तिसऱ्या महिन्याचा ३बी सोबत.

नोंदणी नसलेल्या ग्राहकांची विक्री बिलागणिक भरायची नाही, राज्यवार आणि दरवार एकेक बेरीज पुरते. अपवाद एकच: परराज्यातलं १ लाखावरचं बिल वेगळं दाखवायचं. वूकॉमर्सचा टॅक्स अहवाल राज्यवार गाळून तीच बेरीज मिळते.

विक्री शून्य असली तरी रिटर्न चुकवायचं नाही. शून्याचं रिटर्न एसएमएसनेही जातं. उशिराला दिवसाला ५० रुपये, शून्य रिटर्नला २०, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज.

दिवाळीचा फराळ दुबईला किंवा न्यू जर्सीला पाठवायला लागलात तर ती निर्यात. त्यासाठी पोर्टलवर दर आर्थिक वर्षाला एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरलं की कर न लावता बिल करता येतं. आयात-निर्यात कोड त्याआधी काढून ठेवावा लागतो, आणि वूकॉमर्समध्ये भारताबाहेरच्या पत्त्याला कुठलीच ओळ न ठेवल्याने तिथे कर आपोआप शून्य लागतो.